सत्तावीस नंबरबद्दल माझं मत

मिहानमध्ये शनिवार सकाळी सव्वानऊला सुरू होतो,
कारण मेलबर्नमध्ये तेव्हा पावणेदोन वाजलेले असतात.
बाहेर मे महिना डांबराला घाम फोडतो,
स्क्रीनवर खेळाडूंच्या तोंडातून वाफ निघते.
मी हेडफोन चढवतो. चेंडू लंबगोल, खांब चार,
आणि माझं बोट दर तीन सेकंदांनी एका बटणावर:
किक, झेल, धडक, निसटला, पुन्हा धडक.
कोणाला लागतात हे आकडे, ते विचारायचं नसतं.
सट्टेवाल्यांना, म्हणतो पौनीकर.
कोचलाही, म्हणते शबनूर.
मी ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही,
पण हिरव्यांच्या सत्तावीस नंबरचा डावा खांदा
मला भावाच्या चालीइतका ओळखू येतो.

या आठवड्यात तिकडे बरंच झालं.
एका क्लबानं कोचला काढलं, मंगळवारी, फोनवर.
पंचानं दिलेल्या एका गोलावरून अख्खा देश भांडला:
खांबाला घासला की नाही घासला.
घासला होता.
मी ते अठरा वेळा मागेपुढे करून पाहिलंय,
मला कोणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.
आणि गुरुवारी सत्तावीस नंबर, वय चोवीस,
इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे बसला
नि म्हणाला, पुरे.
सकाळी कुत्र्याला हाक मारायला दार उघडलं
आणि नावच आठवेना, म्हणाला.
शेजारी आई होती.
तिनं पाण्याचा ग्लास त्याच्या हाताजवळ सरकवला.

शुक्रवारी खापरीच्या चौकात, धकातेच्या ठेल्यावर
विषय मीच काढला.
"काऊन बे, एवढे पैसे घेते
अन् डोक्याचं नाटक करते?"
पौनीकर बोलला, तर्रीत पोहे कालवत.
"आपल्याकडं पडलं कोनी तं तोंडावर पानी मारते
अन् म्हनते, उठ."
शबनूर म्हणाली, करार तीन वर्षांचा होता,
उरलेले पैसे मिळतील का ते बघा आधी.
धकाते कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला,
"माहा साळा रेशीमबागेत कबड्डीत पडला होता.
उठला. पकड केली. मॅच जिंकली.
दोन दिवस फोटो होता चौकात.
आता एसटीत कंडक्टर हाय.
तिकीट देते अन् सुट्टे द्याचे इसरते.
लोकाइले वाटते, लबाड हाय."
मग कोणीच काही बोललं नाही.
पौनीकरनं अजून एक प्लेट मागितली.

माझं मत होतं, ते राहूनच गेलं.
मत असं, की एप्रिलमध्ये तो तिसऱ्यांदा पडला
तेव्हा बटण मीच दाबलं होतं: धडक, यशस्वी.
चेंडू सुटला, गुण समोरच्याच्या खात्यात.
पडण्यासाठी बटण नाही.
टिप्पणीसाठी एक छोटी जागा आहे, चाळीस अक्षरांची.
तिथं मी लिहिलं होतं,
उठायला सात सेकंद, नजर भलतीकडे.
देवनागरी त्या यंत्राला कळत नाही.
अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले
आणि सुपरवायझरचा निरोप आला,
सहा ठोके मागे आहेस.

आज यादीत सव्वीसनंतर एकदम अठ्ठावीस.
बोट सवयीनं मधल्या जागेवर जातं, परत येतं.
हिरवे हरले. बावीस गुणांनी.
माझा हिशोब एकही ठोका चुकला नाही.

दुपारी ठेल्यावर धकाते भांडी घासत होता.
पोहे संपले होते. मी नुसताच उभा राहिलो.
हात पुसत त्यानं विचारलं,
"त्या पोट्ट्याले कुत्र्याचं नाव
आठवलं काय गा मंग?"
म्हटलं, माहीत नाही.
बातमीत तेवढं नव्हतं.
"पाह्यजो," तो म्हणाला,
आणि तळाशी उरलेली तर्री
वाटीत ओतून माझ्यापुढे ठेवली.